दोन इंच खाली

गाडी खाली बसवून द्या म्हणत जो येतो त्याला मी आधी एकच विचारते, मागे कोण बसतं? बहुतेकांना हा प्रश्न आवडत नाही. ते आलेले असतात हौसेपायी, चाक आणि मडगार्डमधली फट त्यांच्या डोळ्यांत सलत असते, आणि ही बाई भलतंच काहीतरी विचारते. काहीजण तर माझ्या खांद्यावरून आत बघत 'मालक कुठायत?' म्हणतात. मालक मीच आहे. बावीस वर्षं मीच आहे. हे ऐकल्यावरही काहीजण आत बघतच राहतात, त्यांना मी गाडी बाहेर काढायला सांगते.

आता, खाली बसवलेली गाडी वाईटच असते असं नाही. नीट बसवली तर वळणावर झुकत नाही, स्टिअरिंग हलवलं की लगेच तोंड वळवते, चालवणाऱ्याला आपण फार हुशार झालो असं वाटायला लागतं. पण ते दोन इंच येतात कुठून? चाकाला वर-खाली व्हायला जी जागा असते, तिच्यातूनच ते काढावे लागतात. त्या जागेच्या टोकाला रबराचा एक ठोकळा असतो. चाक वर येऊन त्या रबराला टेकलं की स्प्रिंगचं काम संपलं, मग गाडी आणि धोंडा सारखेच. सरळ रस्त्यावर नुसता दणका बसतो. वळणावर मात्र टायर रस्ता सोडतो आणि गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते. वेग फार लागतो असंही नाही.

म्हणून आमच्या वर्कशॉपमध्ये वडिलांनी घालून दिलेली एक पद्धत आहे. स्प्रिंगा बदलल्या की प्रत्येक सीटवर माणसाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, डिकीतही दोन ठेवायच्या, आणि मग गाडीखाली शिरून रबराच्या फटीत किती बोटं जातात ते बघायचं. दोन बोटं गेलीच पाहिजेत. नाही गेली तर जुन्या स्प्रिंगा परत, गिऱ्हाईक कितीही फुरंगटून बसलं तरी. त्या पिशव्या उचलून कंबर धरते, वाळू गळते, गिऱ्हाइकाच्या सीटा पुसून द्याव्या लागतात. तरी बावीस वर्षांत मी हे कधी चुकवलं नव्हतं. चुकवलं ते एकदाच, आणि ते माझ्या सख्ख्या भावाच्या गाडीला.

भावाला आम्ही ढब्बू म्हणतो. लहानपणी तो गुबगुबीत होता. आता अंगावर मूठभर मांस नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहाचा होता, त्यामुळे त्याचं नाक पुसण्यापासून त्याला सायकल शिकवण्यापर्यंत सगळं माझ्या वाट्याला आलं. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत राहते आणि दर रविवारी त्याच्या घरी जेवायला जाते. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. पाव नंबरचा फरक त्याला काच नुसती उजेडात धरून कळतो. त्याच्याइतका मापाचा पक्का माणूस मी वर्कशॉपमध्येसुद्धा पाहिलेला नाही.

त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करते. एकावर एक चाळीस थर कापड ठेवून ती कोटाची बाही अशी कापते, की वरची बाही आणि खालची बाही यांच्यात केसाचा फरक नसतो. कामात ती माझ्यासारखीच आहे, आणि तिथेच सगळी गोम आहे. एका घरात दोन मुकादम झाले की काय होतं ते सांगायला नको.

एका रविवारी ढब्बूने विषय काढला. जुनी का होईना, चार दारांची गाडी घेतली होती, आणि तिला खाली बसवायचं त्याच्या मनात घोळत होतं.

"ताई, वळणावर पोटातलं पाणी हलता कामा नये बघ. एका मित्राकडे स्प्रिंगा पडून आहेत. दोन इंच आखूड. देतो म्हणाला."

"पोटातलं पाणी तुझं," भावजय म्हणाली, "आणि कमरेत दणके आम्ही खायचे."

"दणके बसत नाहीत, नीट बसवली तर," मी म्हणाले.

"बसोत, न बसोत. मला नको, ताई. पुढे हा एकटा. मागे मी बसते, छकुली बसते, माझी आई आली की ती बसते. हौस पुढच्याची आणि भोगायचं मागच्यांनी."

छकुली म्हणजे त्यांची पाच वर्षांची लेक. ती तेव्हा टेबलाखाली माझ्या पायाची बोटं मोजत होती.

"तुला गाडीतलं काय कळतं?" मी म्हणाले. हे म्हणायची काही गरज नव्हती. जिभेला हाड नसलं की असं होतं.

भावजयीने चमचा ताटात ठेवला. "वन्सं," ती म्हणाली, "आमच्या घरातला प्रत्येक नट तुम्हीच आवळायचा का?"

एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, पारा चढलाय. ढब्बू भातात बघत बसला. त्याने तिला 'असं बोलू नकोस' म्हटलं नाही आणि मलाही काही म्हटलं नाही. मी पाणी प्यायले, छकुलीचा पापा घेतला आणि घरी आले. वाटेत मला तिच्या त्या वाक्याची इतकी उत्तरं सुचली, की घराच्या पायऱ्या चढताना मी तोंडाने बडबडत होते.

मंगळवारी ढब्बूचा फोन आला. "ताई, जाऊ दे. ती नको म्हणते."

"उद्या स्प्रिंगा घेऊन ये," मी म्हणाले.

"पण ती..."

"मी बघते. माझ्या हातून जाणार आहे ना गाडी? मग कशाला घाबरतोस?"

आणि तो आला. मी बोलावलं की तो येतो, लहानपणापासून येतो. खरं सांगते, मला त्याची हौस पुरवायची नव्हती. मला भावजयीला दाखवायचं होतं की अजूनही तो माझं ऐकतो. एवढीच गोष्ट होती आणि तेव्हाही मला ती कळत होती.

आमच्याकडे एक मिस्त्री आहेत, वडिलांच्या वेळचे. मला फ्रॉकमध्ये पाहिलंय त्यांनी, तरी कामावर 'बाई' म्हणतात. त्यांनी आणि मी मिळून दुपारपर्यंत चारही स्प्रिंगा बदलल्या. गाडी लिफ्टवरून उतरली आणि जमिनीला धरून अशी बसली, की ढब्बू तिच्याभोवती दोन चकरा मारून आला. मी मागच्या चाकाशी आडवी झाले. गाडी रिकामी होती आणि रबराच्या फटीत माझी दोन बोटं कशीबशी जात होती.

रिकाम्या गाडीत दोन बोटं म्हणजे भरल्या गाडीत शून्य. हे समजायला पिशव्यांची गरज नव्हती. पिशव्या ठेवल्या असत्या तर तेच डोळ्यांना दिसलं असतं, मिस्त्रींना दिसलं असतं, ढब्बूला दिसलं असतं. जुन्या स्प्रिंगा परत लावाव्या लागल्या असत्या. आणि संध्याकाळी ढब्बूने घरी जाऊन सांगितलं असतं, की तुझंच बरोबर होतं, ताई म्हणाली मागे माणसं बसवून नाही चालायची.

मिस्त्रींनी चालवणाऱ्याच्या सीटवर पिशव्या ठेवल्या आणि मागचं दार उघडलं. "मागच्या आणू?"

"राहू द्या," मी म्हणाले. "एकटाच फिरवतो तो. घरचीच गाडी आहे."

मिस्त्री क्षणभर दार धरून उभे राहिले, मग त्यांनी ते लावलं. मी अलाइनमेंटच्या मशीनवर आकडे जुळवले. सगळे हिरवे आले. कागद छापून मी ढब्बूच्या हातात दिला.

मग आम्ही दोघं चक्कर मारून आलो. काय सांगू, गाडी सुंदर झाली होती. गावाबाहेरच्या चौकाला त्याने वळसा घातला, तेव्हा ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली. ढब्बू हसत सुटला. "ताई, परत एकदा?" असं करत त्याने त्या चौकाला चार वळसे घातले. मीही हसत होते. आम्ही दोघंही पुढे बसलो होतो आणि मागची सीट मोकळी होती.

त्याला मी एवढंच म्हटलं, "मागे जास्त माणसं घेतलीस तर जरा बेताने." हे मी नक्की म्हटलं. पुढे किती दिवस मी या वाक्याला धरून बसले होते. पण गाडी चौकातून घसरत चालल्यासारखी वळत असताना, हसता हसता म्हटलेलं वाक्य कोण ऐकतं? आणि त्याने ऐकू नये अशाच आवाजात मी ते म्हटलं होतं.

तीन आठवडे सगळं ठीक चाललं. भावजय माझ्याशी बोलत नव्हती, तेवढं सोडून. रविवारी मी गेले की ती वाढायची आणि आत जायची. मला वाटायचं, रुसू दे, येईल वठणीवर.

मग एका शनिवारी ते चौघं तिच्या मावशीकडे निघाले. पुढे ढब्बू, मागे भावजय, छकुली आणि भावजयीची आई. डिकीत चार दिवसांचं सामान आणि मावशीसाठी शिवणयंत्राचं जड पायडल. नदीच्या पुलाआधी एक डावं वळण आहे, आणि वळणातच, जिथे पूल रस्त्याला जुळतो, तिथे एक खोलगट भाग आहे. गाडी खाली गेली, खालून 'ठक्' असा आवाज आला आणि मागची बाजू सुटली. पुलाचा कठडा उजव्या मागच्या दाराला लागला. छकुली मध्ये बसली होती, तिला खरचटलंसुद्धा नाही. आजीच्या कपाळाला टेंगूळ आलं. भावजय त्या दारापाशी होती. तिचं उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं.

डॉक्टरांनी आत धातूची पट्टी आणि सात स्क्रू घातले. हात बरा होईल म्हणाले, पण कटिंगची कात्री दिवसभर धरण्याइतकी पकड येईल की नाही ते सांगता येत नाही.

गाडी ओढून माझ्याकडेच आणली. दुसरीकडे कुठे आणणार? मिस्त्रींनी ती लिफ्टवर घेतली आणि मी खाली उभी राहून वर बघितलं. मागचं उजवं रबर चेपून चिरलं होतं, आणि जिथे ते आपटलं होतं तिथलं लोखंड नाण्यासारखं चकाकत होतं. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. पाना पुसत राहिले. मी स्वतःच्या हाताने दोन्ही रबरं काढली, स्प्रिंगा काढल्या, भंगाराच्या पिंपात टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाला पिंप घेऊन गेला. त्याला मी नेहमीपेक्षा दोन दिवस आधी बोलावलं होतं.

भरधाव चालवली असणार, असं सगळे म्हणाले. गाडी खाली करून घेतली ती कशासाठी, उडवायलाच ना? आजी म्हणाली, मी वेगाचा काटा नाही बघितला, पण झाडं भराभर मागे जात होती. भावजय म्हणाली, "मी ओरडले होते, हळू घे म्हणून." ढब्बू प्रत्येकाला एकच सांगत होता, "वळणात शिरताना चाळीस होता. चाळीस. मी काट्याकडे बघितलं होतं." पहिल्या आठवड्यात तो हे ठासून सांगायचा, नंतर नंतर विनवण्या केल्यासारखं सांगायला लागला.

मी काय करत होते? डबे नेत होते. दवाखान्याच्या खिडकीपाशी बसून छकुलीच्या वेण्या घालत होते. लोक 'वेग, वेग' म्हणत असताना तिथेच बसून मूग गिळत होते. एकदा भावजयीच्या भावाने मला थेट विचारलं, "तुम्ही यातल्या माहीतगार. चाळीसवर गाडी अशी सुटते का?" मी म्हणाले, "रस्त्यावर वाळू-बिळू असेल तर..." एवढं म्हणून मी पाणी आणायला उठले. लाज वाटली, पण उठले.

दवाखान्यातून भावजय थेट आईकडे गेली, छकुलीला घेऊन. भांडली नाही. ढब्बूला एवढंच म्हणाली, "हात मोडला त्याचं नाही वाटत. तू वेगात होतास हे कबूल करत नाहीस, त्याचं वाटतं. खोटं बोलणाऱ्याबरोबर मी राहू शकत नाही." ढब्बूने रविवारी तिथे जायचं, तासभर लेकीशी खेळायचं आणि परत यायचं असं ठरलं.

पाचव्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. दुपारची वेळ, मी एका गाडीच्या पुढच्या चाकाशी बसले होते. तो माझ्याशेजारी जमिनीवर उकिडवा बसला.

"ताई, सांगून टाकलं तिला."

"काय?"

"साठ होता म्हणून."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. "आणि होता?"

"चाळीस होता असं वाटायचं मला. पण इतके सगळे कसे चुकतील? आणि गाडीत तर काही दोष नव्हता, तू केलेली गाडी. मग राहिलो मीच." तो बोटांनी जमिनीवरचं ग्रीस खरवडत होता. "आता काटा आठवायला गेलो की कधी चाळीस दिसतो, कधी साठ. दुकानात परवा दोन काचा चुकीच्या नंबरच्या घासल्या. मालक म्हणाले, डोळे तपासून घे."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, म्हणजे पाच आठवडे माझ्या तोंडावर खोटं बोलत होतास. आता तर येणारच नाही म्हणाली." तो हसायचा प्रयत्न करत होता. "कबूल केलं तर येईल असं वाटलं होतं गं मला."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तो हातभर अंतरावर होता, मिस्त्री जेवायला गेले होते, आड येणारं कोणी नव्हतं. मी म्हणाले, "चहा घेतोस?" तो घेऊन गेला. भावाने न केलेला गुन्हा कबूल केला होता, का, तर ताईच्या हातून चूक होणं त्याच्या हिशेबातच बसत नव्हतं.

मिस्त्री जेवून आले आणि हात पुसत माझ्यापाशी उभे राहिले.

"बाई, ढब्बू रडत गेला वाटतं."

"हं."

"मला आजवर कोणी काही विचारलं नाही म्हणून मी बोललो नाही. मी आपण होऊन बोलणारही नाही. तुमच्या वडिलांचं मीठ खाल्लंय. पण कोणी विचारलं तर मी खोटं सांगायचा नाही. आधी सांगून ठेवतो."

"कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"तेच तर म्हणतो," ते म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावजयीच्या आईकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. छकुली शाळेत होती. आजीने दार उघडलं, माझ्याकडे बघून ओठ मुडपले आणि स्वयंपाकघरात गेली. भावजय खिडकीजवळ बसून उजव्या हाताने स्पंजचा चेंडू दाबत होती. चेंडू अर्धासुद्धा चेपत नव्हता. तिच्या कपाळावर घाम होता.

"बसा," ती म्हणाली. ताईही नाही, वन्संही नाही.

मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलले असते. "तो चाळीसवर होता," मी म्हणाले. "साठ म्हणाला ते खोटं आहे. गाडीत दोष होता. तो मी ठेवला होता." आणि मी सगळं सांगितलं, स्प्रिंगा, रबर, पिशव्या, दोन बोटं, भंगारवाला. ती चेंडू दाबत ऐकत होती.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "झालं?"

"झालं."

"चांगलं जुळवलंत." ती माझ्याकडे बघतही नव्हती. "त्याने पाठवलं की स्वतःच आलात? शाळेत त्याने काच फोडली तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतंत ना, मी फोडली म्हणून. तोच सांगतो कौतुकाने. बारा वर्षांचा होता तेव्हा ठीक होतं."

"हे तसं नाही."

"दाखवा मग ते रबर."

"टाकलं म्हणाले ना."

"बरं आहे," ती म्हणाली.

माझा नेहमीचा राग उसळून वर आला. मी खरं सांगायला आले आणि ही मला खोटी ठरवते! मिस्त्रींना बोलावते, विचार त्यांना, असं तोंडाशी आलं होतं. पण तिची काय चूक? ती लग्न होऊन आल्यापासून, सात वर्षं, मी प्रत्येक गोष्टीत भावाची बाजू घेत आले. तो घरी उशिरा आला तरी त्याची, तो दूध आणायला विसरला तरी त्याची. आज मी खऱ्याला खरं म्हणत होते आणि ते तिला नेहमीसारखंच ऐकू येत होतं.

तिने चेंडू खिडकीत ठेवला. "एक सांगा. तुम्ही कधी कामात चुकारपणा केला नाहीत, हे मीही मान्य करते. बावीस वर्षं पिशव्या ठेवता म्हणता, मग त्याच दिवशी का नाही ठेवल्या? आणि विसरले म्हणू नका."

'विसरले' हेच मी म्हणणार होते. रस्ताभर तेच घोकत आले होते. विसरले, घाईत होते, घरचीच गाडी म्हणून ढिलाई झाली. चूक कबूल करायची माझी तयारी होती, तिचं कारण सांगायची नव्हती.

"तू नको म्हणाली होतीस म्हणून," मी म्हणाले.

तिने वर बघितलं.

"पिशव्या ठेवल्या असत्या तर तुझं खरं ठरलं असतं. मला ते नको होतं. तू मला त्या रविवारी बोललीस, ते मला फार लागलं होतं. मागे तू बसणार हे मला माहीत होतं. छकुली बसणार हेही माहीत होतं. तरी नाही ठेवल्या."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. भावजयीचा चेहरा हळूहळू बदलला, आणि मला कळलं की आता तिचा विश्वास बसलाय. रबर न बघता, मिस्त्रींना न विचारता. मी असं करू शकते हे तिला अगदी पटलं. इतकं वाईट मला कधीच कोणी मानलं नसेल, आणि ती बरोबर होती.

"त्याला सांगितलंत?" तिने विचारलं.

"नाही."

"आधी त्याला सांगायचं होतंत. पाच आठवडे झोपला नाहीये तो." डाव्या हाताने तिने फोन घेतला, अंगठ्याने धडपडत नंबर लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर माझ्यासमोर ठेवला. "सांगा."

ढब्बूने दुसऱ्याच घंटीला उचलला. "बोल ना, बोल," तो घाईघाईने म्हणाला. तिचा फोन आलेला बघून आनंदला होता.

"ढब्बू, मी ताई बोलतेय," मी म्हणाले, आणि त्याला सांगितलं. या वेळी मला वाक्यं नीट जुळवता येईनात. रबराचं सांगून झालं, पिशव्यांचं सांगून झालं, कारणही सांगितलं. पलीकडे दुकानातलं घासायचं यंत्र फिरत असल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मी वाट बघत होते. त्याने मला वाट्टेल ते बोलावं असं मला वाटत होतं. जन्मभर तोंड दाखवू नकोस म्हणाला असता तरी मी ऐकून घेतलं असतं.

"ताई," तो म्हणाला. आवाज सहा वर्षांच्या मुलाचा होता. "म्हणजे चाळीसच होता ना गं?"

"हो रे. चाळीसच होता."

"मी बरोबर बघितलं होतं?"

"बरोबर बघितलं होतंस."

मग तो रडायला लागला. रागावलाच नाही तो माझ्यावर, तेवढी सवडच नव्हती त्याला. भावजयीने पुढे होऊन स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि खिडकीकडे तोंड केलं. "ऐक," ती त्याला म्हणाली, "मी आहे. रडून घे आधी." मी मध्येच उभी होते. जरा वेळाने तिने फोनवर हात ठेवून मागे वळून पाहिलं.

"तुम्ही निघा आता," ती म्हणाली. "आम्हाला बोलायचंय. आणि रविवारी येऊ नका. कधी यायचं ते आम्ही सांगू."

मी बरं म्हणाले. दारातून निघताना ती त्याला विचारत होती, सकाळी काही खाल्लंस का. पायऱ्या उतरताना मी थांबले नाही, पण ढब्बू काय म्हणाला ते ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं.